भिंती लिंपल्या त्या साली

माझी बायको गोजा गेली त्या दिवशी मी तिच्यासाठी चाकणला दवाखान्यात गोळ्या आणायला गेलो होतो. व्हरांड्यात माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. कुणाचं अंग थडथडत होतं, कुणी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते. कंपाउंडरनं कागदाच्या पुडीत गोळ्या बांधल्या आणि म्हणाला, "जेवणावर द्यायच्या."

"ती जेवत न्हाई."

"मग पेजेवर द्या. पोट रिकामं नको."

मी पुडी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि चालत निघालो. कार्तिकाचं ऊन होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना बाजरीची खळी चालू होती. आमच्या खळ्यापाशी आलो तर बैल तिवड्याला, खळ्याच्या मधल्या खांबाला, तसेच उभे होते आणि हाकणारं कुणी नव्हतं. त्यांनी खाली घातलेल्या कणसांना तोंड लावलं होतं. हटकायला माणूस नव्हतं.  सुगीत चालू मळणी अशी मधेच टाकून कोण जातं?

विहिरीवरच्या बायकांनी मला बघून पदर पुढं ओढले. घराच्या दारात सून उभी होती. रंभा तिचं नाव. ती पोटुशी होती. "मामंजी," एवढंच ती म्हणाली. मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

गोजाला सोप्यात निजवलं होतं. अंगावर हिरवं लुगडं होतं. कपाळावर कुंकू मोठं लावलं होतं. दोनचार बायका म्हणाल्या, "भाग्याची. कपाळ घेऊन गेली." मी तिच्या पायांशी बसलो. तळपायाच्या भेगांत अजून पांढरी माती होती. आंघोळ घालूनही ती निघाली नव्हती.

तेव्हा पलीकडून मंजुळाबाईचा आवाज आला. "साऱ्या गावाच्या भिती लिपल्या हिनं. साऱ्या गावाला ताप दिला, आन् सोता सुटली."

कुणीतरी तिला गप केलं. मंजुळाबाईचा नातू आठवड्यापूर्वी त्याच तापात गेला होता. मी ते ऐकलं, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

आमची वाडी चाकणच्या वरच्या अंगाला, भामा नदीच्या काठाला. नदीच्या कडेनं डबकी साचतात आणि पावसाळा सरला की दरसाल थंडीताप येतो. लहान पोरांच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असायची. हे आम्ही नशिबाचं धरून चाललो होतो. त्या साली आषाढात सरकारची डीडीटी फवारणारी माणसं आली. बादलीत पंप उभा करून एकजण पायानं दाबून धरी आणि दांडा हलवी. दुसरा लांब नळीनं घरातल्या भिंतींवर औषध मारी. त्यांच्याबरोबर डोक्यावर हॅट घातलेला सुपरवायझर होता. त्यानं चावडीपुढं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "डास भिंतीवर बसतो. औषध त्याच्या पायाला लागतं आणि तो मरतो. म्हणून दिवाळीपर्यंत भिंती लिंपायच्या नाहीत. लिंपलं की औषध झाकलं. मग आमची मेहनत फुकट."

फवारल्यावर भिंतींवर पांढरे ओघळ आले. मांजरं मेली, दोनचार कोंबड्या मेल्या. पण बाजेतले ढेकूण मेले आणि माणसं खूश झाली. तात्याबा म्हातारा पारावर बसून सांगे, "स्वराज आलं का न्हाई ते दिल्लीवाल्यास्नी ठावं. पर ढेकणाचं राज्य गेलं बघा."

गोजाला त्या भिंती बघवत नव्हत्या. "कोड उठल्यावानी दिसती भित," ती म्हणायची. सण आला की लिंपायला हात उचलायची आणि परत खाली घ्यायची. गौरी बसवल्या त्यासुद्धा त्याच भिंतीपुढं. भिंतीवर लुगडं आडवं बांधलं आणि गौरी उभ्या केल्या. नवरात्र जवळ आलं तरी तिनं माती भिजवली नव्हती.

मग शितोळे आला. हा आमच्या भागाचा ग्रामसेवक. शिरूरकडचा, तिशीच्या आतला, सायकलवरून हिंडायचा. माणूस कष्टाळू. त्यानं आमच्याकडून उकिरड्याचे खड्डे करून घेतले, सांडपाण्याला शोषखड्डे करून घेतले. बायकांचं मंडळही त्यानंच काढलं आणि गोजाला त्याची अध्यक्ष केलं. का, तर पहिल्या सभेत सगळ्या बायका पदरात तोंड घालून बसल्या असताना ती एकटीच बोलली होती. ती म्हणाली होती, "मंडळ काढा, पर सांजच्या वक्ताला बोलवू नका. तवा आमच्या चुली पेटत्यात."

शितोळेनं सांगितलं की विकास खात्यानं गावसफाईची स्पर्धा लावली आहे. साहेब लोक येतील, गावं बघतील, घरांना गुण देतील. अंगण, मोरी, उकिरडा, भिंती सगळं बघतील. सभा चावडीत भरली होती. सरपंच उद्धवराव खांबाला टेकून बसले होते. मी दाराशी होतो. बायकांच्या पुढं मंजुळाबाई आणि गोजा शेजारी शेजारी बसल्या होत्या.

गोजा म्हणाली, "ग्रामसेवक दादा, एक इचारू का? ते फवारेवालं म्हनलं व्हतं, दिवाळीपत्तुर भिती लिपायच्या न्हाईत. मंग त्याचं कसं?"

शितोळे जरा थांबला. मग हसून म्हणाला, "मावशी, ते खातं वेगळं, आपलं खातं वेगळं. साहेबांना अशा डागाडागांच्या भिंती दाखवायच्या का? आणि औषध आता भिंतीत मुरलं असेल की. इतका पाऊस झाला."

"पाऊस बाहीर पडला. औषध आत मारलंय," गोजा म्हणाली.

बायका हसल्या. शितोळेही हसला. उद्धवराव म्हणाले, "गोजाबाई, तू गावचं नाव काढायचं का घालवायचं ते बघ. नवरात्राला तर लिपायच्याच हायेत की भिती. हे काय नवं हाय?"

"तुमी म्हनत असाल तर लिपतो. मला बी ते ओघळ डोळ्याम्होरं नगं झाल्यात," गोजा म्हणाली.

एवढं बोलणं झालं. मी ते जसंच्या तसं सांगतो आहे, कारण पुढं सगळं त्यावरच येऊन ठेपलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका पाट्या घेऊन जुन्या पांढरीवर, मोडलेल्या गावठाणावर, गेल्या आणि पांढरी माती खणून आणली. गोजानं आमच्या अंगणात खड्डा करून शेणकाला पायानं तुडवला. तुडवताना ती एका हातानं मांडवाची मेढ धरायची. गुडघ्यापर्यंत पाय भरलेले. घरोघरी आधी शेणकाल्याचा हात, तो सुकला की पांढऱ्या मातीचं पोतेरं. तिचं पोतेरं वरून खाली येताना अर्ध्या चाकासारखं वळायचं. एका वळणात दुसरं बसायचं. ज्यांच्या घरी हात चालणारं माणूस नव्हतं त्यांच्या भिंती तिनं स्वतः लिंपल्या. मंजुळाबाईचा उजवा हात तेव्हा सुजला होता. तिची भिंत गोजानंच लिंपली. शितोळे मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहायचा, ती खोलीही तिनंच लिंपली.

साहेब आले, बघून गेले. गाव खरंच उजळलं होतं. एक साहेब आमच्या भिंतीपुढं उभा राहून म्हणाला, "वा." गोजा दाराआड होती. मला रात्री म्हणाली, "अवो, त्यो वा म्हनला, ते भितीला का शेणाच्या वासाला?"

मग ताप आला. आधी नदीकाठच्या घरांत, मग सगळीकडं. दरसाल येतो त्यापेक्षा जास्त आला. शेजारच्या गावांत भिंती लिंपल्या नव्हत्या, तिथं कमी होता. हे बाजाराच्या दिवशी कळलं आणि मग माणसं बोलायला लागली. गोजाला दोनदा थंडी भरून आली, दोनदा उतरली. मधल्या दिवशी ती बाजरी काढायला यायची. तिसऱ्यांदा ताप चढला तो उतरलाच नाही. शेवटी ती काहीबाही बडबडायची. "माती पातळ झाली गं," म्हणायची, "अजून शेण घाल."

दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. माणसं म्हणाली, कशातच जीव अडकला नव्हता. मुलगा बाळाजी पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तिथं बांधकामावर होता. तो आला, डोकं भादरलं, तेरावं करून परत गेला. जाताना मला म्हणाला, "दादा, लोक आईला काय बी बोलत्यात."

"बोलू दे."

"बोलू दे कसं? रंभाला इहिरीवर कुनी पानी वडू देत न्हाई लवकर. मंजुळाआजी म्हनली, तुझ्या सासूचा हात लागला तिथं मरान लागलं."

 त्याच दिवसापासून विहिरीवर मी जायला लागलो. बायकांच्यात एक पुरुष घागर घेऊन उभा, म्हणून पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. रहाट माझ्या हातात येईपर्यंत ऊन वर यायचं. रंभा म्हणायची, "मामंजी, मला जाऊ द्या. मी त्यांच्याकडं बघनार न्हाई." पण मी तिला जाऊ दिलं नाही.

बाजरी निम्मी खळ्यावर पडून होती. तिची मळणी एकट्यानं केली. वाऱ्यावर उपणायला मागं बाईमाणूस लागतं. पूर्वी मी तीन पायांच्या उंच तिवईवर उभा राहायचो आणि गोजा पाटी भरून वर द्यायची. आता मी खाली उतरून पाटी भरायचो, वर चढून उपणायचो आणि परत खाली उतरायचो. तोपर्यंत वारा पडायचा.

असाच एकदा खळ्यावर असताना उद्धवरावांचा गडी बोलवायला आला. फवारणीचा तो सुपरवायझर परत आला होता. फवारलेल्या गावात ताप का आला, याची त्याला चौकशी करायची होती. मी घरी पोचलो तेव्हा तो आमच्या सोप्यात उभा होता. उद्धवराव बरोबर होते. रंभा मोरीच्या कोपऱ्यात सरकून उभी होती. त्यानं खिशातला चाकू उघडला आणि भिंत खरडायला सुरुवात केली. आधी पांढरी माती पडली, मग शेणकाल्याचा पापुद्रा निघाला. त्याच्याखाली औषधाचे ओघळ तसेच होते.

"हे बघा," तो म्हणाला. "औषध इथं आहे. जागच्या जागी. आणि वरून गोधडी घातलीय तुम्ही त्याला."

त्यानं खरडलेली जागा बरोबर तिच्या पोतेऱ्याच्या वळणावर होती. मी म्हणालो, "सायेब, तिथं खरडू नका. पायजे तर तिकडं मागल्या बाजूला खरडा."

"का? इथं काय आहे?"

मी त्या वळणावर तळहात ठेवला. तो म्हणाला, "कुणी सांगितलं होतं लिंपायला?"

मी तोंड उघडायच्या आत उद्धवराव म्हणाले, "बायकांचं मंडळ हाय सायेब. त्यांनीच घेतलं मनावर. बायकांचं तुमाला ठावं हायच. सन आला की हात गप बसत न्हाईत. त्यांची अध्यक्ष व्हती ती आता राहिली न्हाई."

"म्हणजे अध्यक्षानं लिंपायला लावलं?"

"तसंच म्हना."

सुपरवायझरनं मान हलवली. चाकू पुसून मिटला. "मेलेल्या माणसाला काय बोलायचं," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मी उद्धवरावांना दारात गाठलं. "सरपंच, तुमी चावडीत व्हता. तिनं इचारलं व्हतं."

"इचारलं व्हतं रे बाबा," उद्धवराव हळू आवाजात म्हणाले. "मी न्हाई म्हनतो का? पर ऐक. विकासाचं सायेब बक्षीस द्यायला येनार हायेत. गावाला गॅसबत्ती, आन् गोजाबाईच्या नावानं लुगडं. शाळंची खोली मंजूर व्हायची हाय. आता ह्या खात्यानं त्या खात्याचं उनं काढलं, तर खोली जाईल दुसऱ्या गावाला. गेलेलं मानूस परत येतं का?"

"तिचं नाव तर परत येईल."

"नाव!" ते म्हणाले. "ज्योतीबा, लुगडं मिळतंय ते नावच हाय की."

मी तिथूनच मारुतीच्या देवळामागं गेलो. शितोळे खोलीतच होता. बाजेवर पाय पोटाशी घेऊन पडला होता. अंगावर सतरंजी आणि तीवर पोतं. त्याचे दात वाजत होते. त्यालाही ताप आला होता. मागची भिंत पांढरीशुभ्र होती आणि तीवर गोजाची वळणं होती.

मी बोलायला आलो होतो ते बाजूला ठेवलं. अंगावरचं घोंगडं काढून त्याच्यावर टाकलं. बराच वेळ धरून बसलो. थंडी उतरली आणि त्याला घाम फुटला, तेव्हा त्यानं डोळे उघडून मला बघितलं.

"ज्योतीरामबाबा," तो म्हणाला, "मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात."

"मंग सांगा."

"मावशींनी विचारलं होतं. मी त्यांना हसण्यावारी नेलं. मी रोज ते आठवतो. या खोलीत पडलं की हीच भिंत दिसते समोर."

"हे मला सांगू नका. चावडीत सांगा. बक्षिसाच्या दिवशी सारा गाव असंल, तवा सांगा. माझ्या सुनंला इहिरीवर पानी वडू देत न्हाईत, शितोळे. पोटुशी हाय ती. तिचं बाळंतपन ह्याच गावात व्हायचं हाय. कुनाला हाक मारंल ती?"

तो उठून बसायला लागला, पण त्याला बसवेना. "सांगतो," तो म्हणाला. "नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. सांगतो मी."

मी त्याला पाणी दिलं. गोजासाठी आणलेली गोळ्यांची पुडी घरी देवळीत तशीच होती, ती दुसऱ्या दिवशी त्याला आणून दिली. गोजाचा औषधाचा हिस्सा त्याला देताना माझ्या मनात काही आडवं आलं नाही. तिनंही दिला असता.

बक्षिसाच्या दिवशी चावडीपुढं पताका लावल्या. पोरांनी लेझीम केलं. विकास खात्याचे साहेब जीपमधून आले. टेबलावर चादर, चादरीवर गॅसबत्ती, तिच्याशेजारी घडी घातलेलं लाल काठाचं लुगडं. बायका एका अंगाला बसल्या होत्या. रंभा त्यांच्यात जाऊन बसली तशा दोघीतिघी सरकल्या. तिच्या भोवती जागा मोकळी राहिली. ती मान खाली घालून जमिनीवरचे खडे वेचत होती.

शितोळे आला होता. गाल बसले होते, सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं आधी गावानं काय काय केलं ते वाचून दाखवलं. शोषखड्डे, उकिरडे, रस्त्यावर टाकलेला मुरूम. मग साहेबांनी भाषण केलं. गॅसबत्ती उद्धवरावांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. मग उद्धवराव म्हणाले, "महिला मंडळाच्या अध्यक्ष कैलासवासी गोजाबाई यांचं लुगडं त्यांच्या सुनेनं घ्यावं."

रंभा उठेना. मी उठलो.

"लुगडं घेतो," मी म्हणालो. "त्याच्याआधी ग्रामसेवकास्नी एक इचारायचं हाय. शितोळे, भिती लिपायच्या आधी माझ्या बायकूनं ह्याच चावडीत तुमाला इचारलं व्हतं का न्हाई? फवारेवालं न्हाई म्हनत्यात, मंग कसं, असं?"

लेझमाची पोरं वळून बघायला लागली. उद्धवराव म्हणाले, "ज्योतीबा, ही येळ न्हवं."

"मला व्हय का न्हाई एवढंच पायजे."

साहेबांनी शितोळेकडं बघितलं. "काय विषय आहे?"

शितोळे उभा राहिला. टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं बघितलं. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतो.

"भिंतींच्या विषयावर त्या वेळी चर्चा झाली होती, साहेब," तो म्हणाला. "मंडळानं स्वखुशीनं काम केलं."

"बरं, बरं," साहेब म्हणाले. "चर्चा झाली पाहिजे. हेच आपल्याला पाहिजे."

आणि टाळ्या झाल्या. कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण झाल्या.

"मी ऐकलंय," मी म्हणालो. "तिनं इचारलं व्हतं. सरपंचानी ऐकलंय. आनखी बी ऐकलंय इथं बसल्याल्या मानसांनी."

मी बायकांकडं बघितलं. मंजुळाबाई समोरच होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि तोंड फिरवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "नवराच त्यो, बायकूची बाजू घेनारच." दोघंतिघं हसले. साहेब घड्याळाकडं बघत होते. उद्धवरावांनी लुगडं माझ्या हातात कोंबलं आणि खांद्याला धरून मला खाली बसवलं. मी बसलो. लुगड्याची घडी नवी होती, तिला कापडाच्या खळीचा वास येत होता. रंभानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत खडे वेचायला लागली.

शितोळेची पुढच्या महिन्यात बदली झाली. जाताना तो माझ्या खळ्यावर आला होता. सायकल धरून उभा राहिला. "बाबा, मला जमलं नाही," म्हणाला. मी पाटी भरत होतो. "जपून जा," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? तो सायकल वळवून गेला.

मग दवंडी आली. फवारेवाले पुन्हा यायचे होते. पण ज्यांच्या भिंतींवरचा लिंपणाचा थर खरडून काढला असेल त्यांच्याच घरी औषध मारणार होते. बायका खुरपी घेऊन कामाला लागल्या. मातीचे पापुद्रे पाट्यांनी उकिरड्यावर जायला लागले. गल्लीत सगळीकडं पांढरी धूळ. येताजाता मला ऐकू जाईल अशा बेतानं कुणीतरी म्हणायचं, "काढा बाबा गोजाची माती."

मी आमची भिंत खरडली नव्हती. रोज सकाळी खुरपं घ्यायचो आणि रोज दुसरं काम निघायचं. रंभा काही म्हणत नव्हती. पण एकदा दुपारी तिला थंडी वाजून आली आणि ती भिंतीशी गोधडी घेऊन बसली. थोड्या वेळानं तिचं तिनंच सांगितलं, "ताप न्हाई मामंजी. नुसतं अंग शिरशिरलं." तिनं गोधडी पोटाभोवती घट्ट ओढून घेतली.

मी खुरपं घेतलं आणि उभा राहिलो. वरून सुरुवात करायची म्हणून पाट घेतला आणि त्यावर चढलो. तेवढ्यात दारात सावली पडली. मंजुळाबाई होती. तिच्या हातात तिचं खुरपं होतं.

"भावजी, सरका," ती म्हणाली. "तुमच्यानं व्हायचं न्हाई ते."

मी तिला घालवून द्यायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. मी पाटावरून उतरलो. ती खालच्या अंगानं खरडायला लागली. तिचा उजवा हात अजून नीट चालत नव्हता, त्याच्याखाली डाव्या हाताचा आधार देऊन ती खुरपं रेटत होती. मी वरची बाजू घेतली. माती आमच्या दोघांच्या डोक्यावर पडत होती. रंभा केरसुणीनं ती गोळा करत होती.

बरंच खरडून झाल्यावर मंजुळाबाई हात न थांबवता म्हणाली, "इचारलं व्हतं तिनं. मी मांडीला मांडी लावून बसले व्हते."

"मंग त्या दिवशी तोंड का फिरवलंस?"

"माझं लेकरू गेलं, भावजी."

"म्हनून?"

"सरकारला श्या घालून काय व्हतंय? सरकार जीपमधी बसून जातं. सरपंचाच्या रानात माझा ल्योक राबतो." ती थांबली, पदरानं तोंड पुसलं. तिचं तोंड पांढरं झालं होतं. "गोजा माझी व्हती. तिला बोलले तर ती मला परत मारायला येनार न्हवती."

"चावडीत सांग हे."

 खुरपं चालूच राहिलं. कोपऱ्यातलं काढून झाल्यावर तिनं रंभाला हाक मारली. "उठ गं पोरी. धुळीत बसू नगं. उद्या सकाळी इहिरीवर ये. मी हाय." मग मला म्हणाली, "तिचं बाळंतपन मी करीन. पर चावडीचं मला सांगू नका."

दुसऱ्या सकाळी रंभा विहिरीवर गेली आणि लवकर परत आली. घागर भरलेली होती.

फवारेवाले आले. आम्ही भांडी, बाज, धान्याची पोती अंगणात काढली. एकानं बादलीतला पंप पायानं दाबून धरला, दुसऱ्यानं नळी फिरवली. भिंत ओली झाली आणि वाळल्यावर तिच्यावर पुन्हा पांढरे ओघळ आले. त्या साली मग कुणी भिंत लिंपली नाही. फाल्गुनात रंभाला मुलगी झाली, मंजुळाबाईनं सगळं केलं. ते लुगडं मी बारशाला मंजुळाबाईलाच दिलं. तिनं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि काखेत धरून घरी गेली.

शाळेची खोली मंजूर झाली. गॅसबत्ती चावडीत आहे, सभा असली की पेटवतात. त्यानंतर पुष्कळ सभा झाल्या. उद्धवराव असतात, मंजुळाबाई असते, मीही दाराशी बसतो. गोजानं विचारलं होतं हे त्या चावडीत माझ्याशिवाय अजून कुणी बोललेलं नाही.